डोक्याला मार लागल्यानंतर भावाचा स्वभाव बदलला आहे, तो पूर्ववत होईल का?

आपण विचारले आहे की मेंदूच्या कोणत्या लोबचे (म्हणजे मोठ्या विभागाचे) काय काम असते आणि आठ महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडलेल्या आपल्या भावाचा स्वभाव पुन्हा पहिल्यासारखा होईल का. शेवटी आपण लिहिले आहे, ‘घरचे म्हणतात, तो मुद्दाम असे वागतो.’ ते वाक्य वाचून मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. तो मुद्दाम वागत नाही.

माझा थोरला भाऊ 2011 च्या पावसाळ्यात कोरेगावहून साताऱ्याला येताना खडीवर घसरला, तेव्हा त्याचे हेल्मेट घरी खुंटीला होते. तो मागच्या बाजूवर आपटला आणि टाकेही मागेच पडले. परंतु सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून डॉक्टरांनी बोट ठेवले ते कपाळामागच्या भागावर, दोन्ही बाजूंना. डोके जमिनीवर थांबते तेव्हा आतला मेंदू थांबलेला नसतो, आणि डोळ्यांच्या खोबणींवरचा कवटीचा तळ खडबडीत असल्यामुळे फ्रॉन्टल म्हणजे कपाळामागच्या लोबची खालची बाजू व टेम्पोरल म्हणजे कानाजवळच्या लोबचे टोक तिथे चेचले जाते. मार मागे आणि इजा पुढे, हे आमच्या घरात कोणालाच पटले नाही.

अकराव्या दिवशी दादा घरी आला. हातपाय चालत होते, बोलणे स्वच्छ होते, दुकानाचा हिशेब तोंडी जमत होता, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पुढच्याच आठवड्यात वहिनी गॅसवर दूध ठेवून नळावर गेली असताना दूध उतू गेले, आटले, पातेले काळे पडले. धुरामुळे मी माडीवरून धावत खाली आलो, तर दादा ओट्याला टेकून वर्तमानपत्राचे पान उलटत होता. विचारल्यावर शांतपणे म्हणाला, “मला वास आला नाही. आणि धूर दिसला, पण उठावेसे वाटले नाही.”

त्याचा सगळा आजार त्या उत्तरात होता. वासाच्या मज्जातंतूंचे बारीक धागे फ्रॉन्टल लोबच्या खालच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि अशा धक्क्यात ते तुटतात. ‘उठावेसे वाटणे’ हेही फ्रॉन्टल लोबचेच काम आहे: एखादी गोष्ट सुरू करणे, सुरू झालेली आवरणे, जिभेवर आलेला शब्द गिळणे. घरच्यांनी मात्र त्याच्या उत्तराचा फक्त दुसरा भाग ऐकला आणि आळशीपणाचा शिक्का मारून ते मोकळे झाले.

त्यानंतर चुलत बहिणीचा साखरपुडा आला. भर पंगतीत, व्याह्यांच्या समोर, दादा मोठ्याने म्हणाला, “जेवणाला काही चव नाही, काकांनी पैसे वाचवलेले दिसतात.” जेवण त्याला खरोखरच बेचव लागत होते, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासातून येतो, आणि ते बोलून दाखवू नये, हा लगाम ज्या जागी असतो तीच जागा दुखावली होती. काका म्हणाले, हा मेंदूचा नव्हे, संस्कारांचा प्रश्न आहे. आत्याने वहिनीला दोष दिला की नवऱ्याला तिने डोक्यावर चढवून ठेवले आहे. ती बाई वर्षभर हे ऐकत होती आणि रोज सकाळी भिंतीवरच्या पाटीवर दिवसाची कामे खडूने लिहून देत होती, जेणेकरून दादाला ‘आता काय करायचे’ हे स्वतः ठरवावे लागू नये. दादा सावरला तो त्या पाटीमुळे.

काकांना मी फिनिअस गेजची गोष्ट सांगितली होती. 1848 मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सुमारे साडेतीन फूट लांब, सहा किलो वजनाची पहार त्याच्या गालाखालून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो जगला, चालू-बोलू लागला. पण मित्र म्हणू लागले की हा पूर्वीचा गेज नव्हे. काकांनी एवढेच ऐकले आणि म्हणाले, म्हणजे काही उपयोग नाही. पुढचा भाग त्यांनी ऐकून घेतला नाही: तोच गेज नंतर चिलीत कित्येक वर्षे घोडागाडी हाकत होता, आणि ठरावीक वेळेच्या, ठरावीक क्रमाच्या त्या कामाने तो बराच सावरला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

बाकीच्या लोबांचे थोडक्यात सांगतो. पॅरायटलमध्ये स्पर्श व दिशांचे भान, टेम्पोरलमध्ये ऐकणे आणि स्मरण, ऑक्सिपिटलमध्ये दृष्टी. एका कामात अनेक भाग गुंतलेले असतात, त्यामुळे ही वाटणी फार काटेकोर मानू नये.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे दोन वर्षांपर्यंत आणि नंतरही हळूहळू होत राहते. दादाचा संताप उतरला, कामाला सुरुवात करणे जमू लागले, वास परत आला नाही. आपण भावाची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (लक्ष, स्मरण, विचार, वागणे यांची तपासणी) करून घ्यावी आणि अहवाल समजावून सांगितला जाईल तेव्हा जो नातेवाईक सर्वांत जास्त बोलतो त्याला सोबत न्यावे. आम्ही वहिनीला एकटीला पाठवले, ही आमची चूक झाली. डॉक्टरांचे शब्द तिच्या तोंडून आल्यावर काकांना ते बहाणे वाटले.

मी डॉक्टर नाही आणि प्रत्येकाची इजा वेगळी असते. झटका (फिट) आला, डोकेदुखी वाढत गेली, उलट्या किंवा गुंगी सुरू झाली, तर उत्तरे वाचत न बसता रुग्णालय गाठावे. दारू बंद, आणि डॉक्टर सांगेपर्यंत गाडीही बंद.

भावाला वास येतो का, हे आपण लिहिलेले नाही. आजच त्याचे डोळे मिटवून नाकाशी कॉफीची पूड धरून पाहा. ओळखता आली नाही, तर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्या.