‘पण लक्षांत कोण घेतो?’ गटाने वाचायची असेल तर

आपण सात-आठ जणांनी मिळून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ वाचायचे ठरवले आहे. मागचा गट तिसऱ्या बैठकीनंतर विस्कटला, म्हणून या वेळी सुरुवात कशी करावी, असे आपण विचारले आहे. हीच कादंबरी मी दोन निरनिराळ्या गटांबरोबर वाचली. पहिला गट अर्ध्यावर मोडला, दुसरा शेवटपर्यंत टिकला, आणि माझ्या मते दोहोंतला खरा फरक वाचनाच्या वेगाचा होता.

पहिल्या वेळी आम्ही महिन्यातून एकदा भेटत असू आणि दर खेपेस शंभर पाने वाचून यायचे, असा नियम केला होता. शेवटच्या चार दिवसांत पाने भराभर उलटली जात, आणि ज्यांची राहून जात ते संकोचाने येईनासे झाले. पुढे ध्यानात आले की ही कादंबरी अशी वाचण्यासाठी लिहिलेलीच नाही. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, त्यात ‘आजकालच्या गोष्टी’ या मथळ्याखाली नायिका यमूची ही कहाणी तिच्याच तोंडून क्रमशः येत राहिली, आणि तिचे पुस्तक पुढे १८९३ मध्ये झाले. यमू मध्येच एखाद्या आठवणीत शिरते, एकाच प्रसंगावर रेंगाळते, वाचकाशी थांबून बोलते. शंभर पाने सलग वाचणाऱ्याला याचा कंटाळा येतो. आठवड्याला दोन प्रकरणे वाचणाऱ्याला मात्र तीच ओळखीच्या बाईची बोलण्याची लकब वाटू लागते. म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी दीड तास भेटावे, आणि घरी दोन-तीन प्रकरणांहून अधिक वाचायला सांगू नये. पानांचा हिशेब ठेवू नये, कारण आवृत्तीगणिक पाने बदलतात.

त्यांपैकी एक प्रकरण बैठकीतच मोठ्याने वाचावे, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला. ज्याचे वाचन राहिले आहे तोही मग बरोबर येतो. शिवाय १९६२च्या लेखननियमांपूर्वीचे अनुस्वार आणि लांबच लांब वाक्ये डोळ्यांना अडखळवतात, पण कानांवर पडली की सहज उलगडतात. वाचणारा दर आठवड्याला बदलावा.

आमच्या दुसऱ्या गटात जुन्या शब्दांची एक वही होती. एकदा विधवांच्या केशवपनाचा विषय निघाला आणि ‘आलवण’ म्हणजे काय, असे एका तरुण सदस्याने विचारले. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी आपल्या पदराचे टोक चिमटीत धरले आणि आपल्या आजीच्या अंगावरचे ते तांबडे, जाडेभरडे वस्त्र कसे होते, डोक्यावरून घट्ट ओढलेला त्याचा पदर कसा असे, हे सांगितले. त्या दिवशी पुढचे प्रकरण वाचायचे राहिले, आणि ते योग्यच झाले. गटात वयाने मोठी दोन-तीन माणसे आवर्जून घ्यावीत, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो.

चर्चेला एक धोका मात्र संभवतो. ‘किती वाईट दिवस होते, बरे झाले गेले ते,’ एवढे म्हणून सगळे मोकळे होतात आणि बोलणे खुंटते. अशा वेळी मजकुराकडे परतावे: या प्रसंगी घरातल्या इतर बायका काय करतात, कोण गप्प बसते, यमूचा नवरा रघुनाथ तिला वाचायला-लिहायला उत्तेजन देतो तेव्हा घरात कोणाला ते सलते. संमतिवयाचा कायदाही याच काळातला, १८९१चा. त्याने मुलींच्या शरीरसंबंधास संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे केली आणि त्यावरून पुण्यात केवढे रण माजले, हे कोणीतरी एका बैठकीत दहा मिनिटांत सांगावे. त्याहून अधिक इतिहास नको, नाहीतर यमू बाजूला पडते.

प्रस्तावना मात्र सर्वांत शेवटी वाचाव्यात, कारण त्यांत बहुधा शेवट सांगून टाकलेला असतो. पहिल्या बैठकीला कोणाला काहीच वाचून यायला सांगू नये. तिथेच बसून पहिले प्रकरण ऐकावे. अखेरच्या प्रकरणांसाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवावी आणि त्या दिवशी चर्चा ठरवूच नये. आमच्याकडे त्या संध्याकाळी वाचणाऱ्या सदस्याला दोनदा थांबावे लागले, आणि उरलेली पाने शेजारी बसलेल्या मुलीने वाचून पूर्ण केली.