पोकर कौशल्याचा असेल, पण नाल कोण घेत होते?

प्रश्न : मी 31 वर्षांचा आहे. अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत नोकरी करतो, राहायला पाथर्डी फाट्याला. 2019 पासून ऑनलाइन पोकर खेळतो. ऑगस्ट 2025 मध्ये मोठ्या ॲप्सनी पैशांची टेबले बंद केली. मग ओळखीच्या एकाने परदेशी ॲपवरच्या खासगी क्लबात घेतले. तिथे पैसे थेट भरता येत नाहीत, एजंट चिप्स, म्हणजे खेळात पैशांऐवजी वापरायची नाणी, देतो. पुढे मीच आठ-दहा मित्रांना चिप्स देऊ लागलो आणि त्यावर कमिशन मिळू लागले. गेल्या महिन्यात माझे पगाराचे खाते फ्रीज झाले. परराज्यातल्या सायबर पोलिसांचे पत्र आल्याचे बँक सांगते. व्हॉट्सॲपवर एक नोटीसही आली आहे. आलेल्या पैशांबद्दल ‘उसनवारी होती असं लिहून टाक’ असे मित्र सुचवतात. बँकेचे स्टेटमेंट सोबत जोडले आहे. पोकर कौशल्याचा खेळ आहे असे हायकोर्टांनी म्हटले आहे ना? मी तर फक्त खेळतो, मग माझा गुन्हा काय? नवा कायदा सुप्रीम कोर्टात टिकणार नाही असे ग्रुपवर सगळे म्हणतात. तोवर चालू ठेवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. आज रात्रीपासून कुणाला चिप्स देऊ नका, कुणाचे पैसे खात्यावर घेऊ नका, आणि बायकोच्या किंवा भावाच्या खात्यावर तर अजिबात वळवू नका. हे थांबवल्याशिवाय पुढचा कोणताही सल्ला उपयोगाचा नाही.

तुमच्या पत्राचा सगळा भर कौशल्य की नशीब या वादावर आहे. वाद खरा आहे आणि जुना आहे. आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही चालतो, आणि त्याचे 13 वे कलम निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पत्तीला नशिबाचा. पोकर मात्र मधेच लोंबकळत राहिला. पश्चिम बंगालच्या कायद्यात जुगाराच्या व्याख्येतूनच पोकर वगळलेला आहे. नागालँडने 2016 मध्ये त्याला परवाना देणारा कायदा केला. गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. तमिळनाडूने घातलेली बंदी मद्रास हायकोर्टाने रमी आणि पोकरपुरती 2023 मध्ये उठवली, आणि 2024 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्याला कौशल्याचा खेळ म्हटले. म्हणजे कोलकात्यात जो खेळाडू, तोच अहमदाबादेत जुगारी. तुम्ही वाचलेले निकाल खोटे नाहीत. ते तुमच्या उपयोगाचे नाहीत, एवढेच.

कारण केंद्राच्या 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा वादच बाजूला सारला. पैसे भरून, पैसे मिळण्याच्या आशेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ त्यात ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. परदेशातून चालणाऱ्या पण भारतात मिळणाऱ्या सेवाही त्यात येतात. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळ पुरवण्याचा आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देण्याचा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्रही आहे.

नुसत्या खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. ‘मी तर फक्त खेळतो’ हे तुमचे वाक्य त्यावरच उभे आहे. पण तोच कायदा खेळ पुरवण्यात मदत करणारा, चिथावणी देणारा, लोकांना ओढून आणणारा अशा सगळ्यांना धरतो. आता तुमचे बँक स्टेटमेंट बघा. पगार झाल्यानंतरच्या दोन दिवसांत, रात्री अकरानंतर, वेगवेगळ्या नावांवरून पाचशे, हजार, दोन हजार जमा होतात. यूपीआयच्या शेऱ्यात एकाने ‘चिप्स’ लिहिले आहे, दुसऱ्याने ‘लोड कर’. दर सोमवारी ठरावीक रक्कम एकाच अनोळखी खात्यावर जाते आणि तिथूनच तुमचे कमिशन येते. हे वाचणाऱ्या तपास अधिकाऱ्याला तुम्ही खेळाडू दिसणार नाही, क्लबाचा माणूस दिसाल. हे कठोर वाटेल, पण तुमची खरी अडचण इथेच आहे आणि ती आत्ताच दिसलेली बरी.

1887 च्या कायद्यातही हा फरक आहेच. दिवाळीत घरात चार मित्र बसले आणि कुणी नाल, म्हणजे डाव भरवणाऱ्याचा हिस्सा, काढली नाही, तर ते घर जुगाराचा अड्डा होत नाही. जागेचा किंवा साधनांचा वापर कुणाच्या तरी फायद्यासाठी झाला की चित्र पालटते. ॲप डावामागे रेक, म्हणजे आपले कमिशन, कापते आणि त्यातला वाटा तुम्हाला देते, म्हणजे नालेचा हिस्साच.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. फौजदारी कायदा मागच्या तारखेपासून लागू होत नाही. म्हणून 2019 पासून तुम्ही निव्वळ खेळाडू म्हणून केलेले व्यवहार वेगळे काढा आणि एजंट झाल्यानंतरचे वेगळे, तारखेनिशी. कोणत्या व्यवहाराला कोणते कलम लागते हे तारखेवर ठरेल.

आता खाते. बँक खाते ही ‘मालमत्ता’ आहे आणि पोलीस ती अडवू शकतात, हे सुप्रीम कोर्टाने 1999 च्या तापस नियोगी खटल्यात स्पष्ट केले. आजचे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचे, 106. मात्र अशी जप्ती मॅजिस्ट्रेटला कळवावी लागते. शिवाय वादातली रक्कम थोडी असताना सगळे खाते बंद ठेवू नये, असा आदेश केरळ हायकोर्टाने 2023 मध्ये दिला. अर्जात त्याचा आधार घेता येतो. बहुतेक वेळा होते असे : कुणी तरी भलताच माणूस ऑनलाइन फसवला जातो, ते पैसे तीन-चार खात्यांतून फिरत क्लबात येतात आणि शेवटी तुमच्यासारख्याच्या खात्यावर उतरतात. तक्रार पोकरची नसतेच. म्हणून बँकेकडून लेखी मागा : पोलिसांचे पत्र, तक्रारीचा क्रमांक, नेमका कोणता व्यवहार आणि किती रक्कम. ‘वरून आलंय’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

इथे एक सापळा आहे. खाते सोडवायला पैसे कुठून आले हे सांगावे लागते आणि ते सांगणे म्हणजे एजंटगिरीची कबुली. ‘उसनवारी होती असं लिहून टाक’ असे मित्र सुचवतात, असे तुम्ही लिहिले आहे. तसे अजिबात लिहू नका. समोर ‘चिप्स’ असा शेरा असताना उसनवारीचा कागद तुम्हाला फसवणुकीच्या गुन्ह्यात नेऊन बसवेल. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती राज्यघटना करत नाही, पण खोटे लिहायची मुभाही देत नाही. वादातल्या एका व्यवहारापुरते, कागदोपत्री दाखवता येईल एवढेच उत्तर वकिलाकडून जाऊ द्या आणि उरलेली पगाराची रक्कम मोकळी करण्याची मागणी करा. दाद मिळाली नाही तर त्या ठाण्याच्या मॅजिस्ट्रेटकडे त्याच संहितेच्या कलम 503 खाली अर्ज, आणि तरीही अडले तर हायकोर्ट.

व्हॉट्सॲपच्या नोटिशीबद्दल. ती खरी आहे का हे आधी तपासा, कारण ‘डिजिटल अटके’चे भामटे अशाच नोटिसा पाठवतात. नोटिशीतल्या नंबरवर फोन करू नका. त्या जिल्हा पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर काढा किंवा आपल्या नाशिक शहर सायबर ठाण्यात कागद दाखवून विचारा. नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कोणत्या कलमाची आहे ते बघा. 94 असेल तर कागदपत्रे मागितली आहेत. 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावले आहे, आणि तसे बोलावणे अधिकाऱ्याला स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसालाच करता येते. 35(3) असेल तर तुम्ही संशयित आहात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणे वैध नाही, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये बजावले आहे. तरी खऱ्या नोटिशीकडे तांत्रिक मुद्द्यावर पाठ फिरवू नका. तोच मुद्दा नोंदवून वकिलामार्फत उत्तर द्या. अटकेची भीती असेल तर प्रिया इंदोरिया खटल्यातल्या 2023 च्या निकालामुळे परराज्यातल्या गुन्ह्यासाठीही मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो. तो मिळाला की तिकडच्या कोर्टात जायला वेळ मिळतो.

सुप्रीम कोर्टाची वाट बघावी का? लढाई मोठी आहे. जुगार हा राज्यसूचीतला 34 वा विषय; मग केंद्राने कायदा कसा केला, आणि कौशल्याच्या खेळाचा धंदा हा मूलभूत हक्क असताना सरसकट बंदी कशी, हे विरोधकांचे मुद्दे. 45 कोटी लोक वर्षाला सुमारे 20,000 कोटी रुपये गमावतात, हा सरकारचा अंदाज. कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश हायकोर्टांतल्या याचिका सुप्रीम कोर्टाने 8 सप्टेंबर 2025 रोजी आपल्याकडे घेतल्या. राजकारणात मात्र खेळणाऱ्यांच्या बाजूने उभे राहायला कुणाला घाई नव्हती. जुलै 2025 मध्ये सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप आपल्या सिन्नरचे आमदार, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर झाला. त्यांनी तो नाकारला, तरी कृषी खाते गेले. पुढच्याच महिन्यात विधेयक 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत मंजूर झाले आणि 22 ला राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली.

माझे मत विचाराल तर बंदीपेक्षा परवाना बरा होता. जुन्या ॲप्सवर केवायसी होती, जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के कर कापला जात होता, तक्रार करायला दार होते. ती बंद झाल्यावर तुमच्यासारखी पगारदार मुले एजंटांच्या हाती गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण उद्या हा कायदा रद्द झाला तरी तुम्ही सुटत नाही. विनापरवाना, केवायसीशिवाय, कमिशन घेऊन दुसऱ्यांचे पैसे फिरवणाऱ्याला कोणत्याच निकालाने संरक्षण मिळणार नाही. खटला जिंकला तर परवाना मागणाऱ्या कंपन्या जिंकतील.

मित्रांना उधारीवर दिलेल्या चिप्सचे पैसे कोर्टातून मिळायचे नाहीत. पैजेचा करार करार कायद्याच्या 30 व्या कलमाने निरर्थक आहे, आणि जुन्या मुंबई इलाख्याच्या 1865 च्या कायद्यामुळे आपल्याकडे त्याच्याशी जोडलेले करारही निरर्थक ठरतात. त्या वसुलीसाठी कुणाला धमकीचा मेसेज पाठवलात तर मात्र नवा गुन्हा होईल. मिळालेले कमिशन हेही उत्पन्नच आहे. सीएला खरे सांगून विवरणपत्रात दाखवा.

आणि क्लबाचा व्हॉट्सॲप ग्रुप डिलीट करू नका, फोन रीसेट करू नका. पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या (आधीच्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) 238 व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय ‘सोमवारी हिशोब पाठव’ असे तुम्हाला सांगणारा क्लबाचा खरा मालक कोण, हे दाखवणारा एकमेव कागद तुमच्याजवळ तोच आहे.