बॅलिव्हॉनजवळ घर बघताय? मग आधी एवढं वाचा

ताई, आयर्लंडच्या क्लेअर काउंटीच्या उत्तर भागातल्या नर्सिंग होमची, म्हणजे इथल्या वृद्धांच्या देखभाल केंद्राची, ऑफर आहे, बॅलिव्हॉनजवळ घर बघताय, पण गूगलवर नुसते दगड दिसतात, तिथे माणसं तरी राहतात का, असं तुम्ही विचारलंत. मी सात वर्षं इथे आहे, तेही नर्सिंग होममध्येच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

दगड आहेत, हे खरंच. या भागाचं नाव बरेन, आणि आयरिशमध्ये त्याचा अर्थच खडकाळ जागा. मी रत्नागिरीची, त्यामुळे पहिल्या दिवशी मला आपला कातळाचा सडाच आठवला. आपला जांभा तांबडा, इथला चुनखडक राखाडी, एवढाच फरक. शेतांना गडगेसुद्धा आहेत, मातीचुन्याशिवाय रचलेले. 1651 मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेतला अधिकारी लडलो इथे आला. इथे माणूस बुडवायला पाणी नाही, लटकवायला झाड नाही आणि पुरायला माती नाही, असं त्याने लिहून ठेवलं. हे वाक्य तुम्हाला वर्षातून चारदा तरी कोणीतरी ऐकवेल. त्याने पुढे लिहिलंय की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत. ते कोणी सांगत नाही.

खरी गंमत त्या गुरांतच आहे. बाकी ठिकाणी थंडीत गुरं खाली आणतात, इथे ऑक्टोबर संपता संपता डोंगरावर चढवतात. याला विंटरेज म्हणतात. उन्हाळाभर तापलेला खडक ऊब धरून ठेवतो, पाऊस भेगांतून निघून जातो, त्यामुळे पायाखाली कोरडं राहतं. उन्हाळ्यात मात्र वर पाणीच नसतं, म्हणून तेव्हा गुरं खाली. पहिल्या वर्षी माझी गाडी अशाच एका कळपामागे अडकली. पुढे काठी घेतलेला म्हातारा, मागे नातू, आणि दोघांनाही काडीची घाई नाही. मी ड्यूटीला उशिरा पोचले, कोणी काही बोललं नाही. गुरांनी हिवाळ्यात गवत खाऊन टाकलं की मे महिन्यात भेगाभेगांतून निळीगर्द जेन्शनची फुलं वर येतात.

आता माणसांचं. पूलनाब्रोनला दगडी थडगं आहे, त्यात तीसहून जास्त माणसांची हाडं सापडली, पाच हजार वर्षांहून जुनी. म्हणजे वस्ती पहिल्यापासून आहे. ओसाडपणा मागून आला. 1841 मध्ये क्लेअर काउंटीत सुमारे 2,86,000 लोक होते. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, लोक मेले, उरलेले जहाजांत बसून गेले, आणि जाणं पुढेही थांबलं नाही. 2022 ला आकडा 1,28,000 च्या आसपास. फिरताना बिनछपराची घरं लागतील, चुलीकडची भिंत तेवढी उभी. सुरुवातीला मी त्यांचे फोटो काढायचे. आता नाही काढत.

म्हणून इथे 'कुठली?' हा प्रश्न फार मनापासून विचारतात. आपल्या वाड्या तशी यांची टाउनलँड. नर्सिंग होममधल्या आजी-आजोबांशी बोलायचंय तर त्यांच्या टाउनलँडचं नाव आधी पाठ करा, औषधं मुकाट घेतात. क्लेअर एफएमवर रोज निधनवार्ता वाचतात आणि अंत्यविधीला अख्खा गाव रांग लावून हस्तांदोलन करतो. तुम्हीही जा. माझ्या ओळखी तिथेच झाल्या, पबमध्ये नाही. एरवी माणसं हवामानापलीकडे लवकर सरकत नाहीत.

घराचं नीट बघा. बरीच घरं सप्टेंबर ते मे भाड्याने देतात आणि उन्हाळ्यात पर्यटकांसाठी रिकामी करून घेतात. मला एकदा ऐन मेमध्ये सामान उचलावं लागलं. बारा महिन्यांचा करार आहे का, हे लेखी घ्या. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, जाड रेनकोट आणा. तूरडाळ-मसाल्यांसाठी गॉलवे, साधारण 50 किलोमीटर. बस आहे, पण तिच्या भरवशावर शिफ्ट होत नाही. गाडी लागेलच. आपलं लायसन्स पहिल्या वर्षापुरतंच चालतं, पुढे थिअरी परीक्षा आणि ड्रायव्हिंगचे धडे, म्हणून आल्या आल्या फॉर्म भरा. आणि अरुंद रस्त्यावर समोरच्याने स्टीअरिंगवरून एक बोट उचललं तर तो नमस्कार समजा, तुम्हीही उचला. मी पहिला महिनाभर मागे वळून बघायचे, कोणाला करतायत म्हणून.