तोंडी "हो"वर गुलाब छाटू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोपच लागली नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हे. तुम्ही लिहिलंय की नाशिकला तुमच्या कॉलनीत ४० जणांचं बागप्रेमी मंडळ आहे, यंदा पहिल्यांदाच हिवाळ्यात मोठं काहीतरी करायचं ठरलंय, डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फुलांचं प्रदर्शन, मैदानासाठी अर्ज दिलाय, "साहेब हो म्हणालेत, कागद नंतर मिळेल", आणि येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून गुलाबांची छाटणी करायची. अजून काय काय उपक्रम घेता येतील तेही विचारलंय. उपक्रमांचं सांगतेच, पण आधी तो कागद आणि ती कात्री, कारण तुमची दोन वाक्यं वाचताना मला आमचंच सहा वर्षांपूर्वीचं मंडळ दिसत होतं.

आमचं मंडळ पुण्यात, कोथरूडच्या बाजूला. तेव्हा आम्ही ३०-३५ जण होतो, बहुतेक रिटायर्ड, काही माझ्यासारख्या नोकरी सांभाळून बाल्कनी सांभाळणाऱ्या. डिसेंबरचा दुसरा शनिवार-रविवार ठरला. जवळच्या एका सार्वजनिक बागेतली जागा हवी होती, अर्ज मीच लिहिला, मीच नेऊन दिला. टेबलावरच्या माणसाने वाचला, "होऊन जाईल मॅडम, तुम्ही तयारीला लागा" म्हणाला, अर्ज बाजूच्या ढिगावर ठेवला आणि मी आनंदाने घरी आले. पोच घेतली नाही. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक नंबर, एवढं पाच मिनिटांचं काम होतं आणि ते मी केलं नाही.

२० ऑक्टोबरच्या आसपास सगळ्यांनी गुलाब छाटले. हिशोब बरोबर होता, आमच्याकडच्या हवेत छाटणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांत फूल येतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी परवानगीचा कागद आणायला गेले तर तो टेबलवाला माणूस बदलून गेलेला. नवीन बाईंनी विचारलं, आवक नंबर काय? नंबर नाही म्हटल्यावर अर्जच नाही. ढिगात शोधला, दुसऱ्या खोलीत शोधला, नाहीच. नवीन अर्ज द्या म्हणाल्या, दिला. मग कळलं की बागेचं टेबल वेगळं, जागेच्या भाड्याचं वेगळं, आणि मांडव घालणार असाल तर अजून एका ठिकाणचा ना हरकत दाखला. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर दीड महिना हातात होता! तीन आठवड्यांत मी ११ चकरा मारल्या, प्रत्येक वेळी हाफ डे टाकून. साहेब राऊंडला गेलेत, साहेब मीटिंगला आहेत, फाईल वर गेलीय, फाईल खाली आलीय पण सही राहिली. कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धटपणे बोललं नाही, हेही सांगते, पण कोणालाही त्या तारखेची घाई नव्हती. फूल तीन-चार दिवसच टिकतं, फाईलबरोबर थांबत नाही, हे मी दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा मला पुढच्या सोमवारी या म्हणून सांगण्यात आलं. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

परवानगी मिळाली ती जानेवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारची.

आता गुलाबाचं गणित बघा. पहिला बहर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भरभरून आला, अगदी ठरल्या वेळी. कोमेजलेली फुलं काढल्यावर त्याच झाडांना पुढचा बहर यायला पुन्हा सव्वा-दीड महिना, म्हणजे जानेवारीचा शेवट. आमची नवीन तारीख बरोबर दोन्हीच्या मधल्या खड्ड्यात पडली. आमच्यातल्या एका काकांकडे गच्चीवर गुलाबाच्या २२ कुंड्या होत्या, डबल डिलाइट, फर्स्ट प्राइझ, ग्लॅडिएटर अशा जाती, आणि 'पीस' जातीचं एक जुनं झाड जे त्यांच्या पत्नीने लावलं होतं. त्या झाडाला त्या वर्षी एकच कळी अशी आली होती की बघत राहावं, पिवळ्या पाकळ्यांची कड नुसती गुलाबी. काकांनी ती अर्धी उमलल्यावर लांब दांड्यासकट कापली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी ठेवली, तीन आठवडे टिकेल म्हणून. आठव्या दिवशी बाहेर काढली तेव्हा कडा तपकिरी झालेल्या, मान वाकलेली. त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं होती, पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्याने फुलं लवकर उतरतात हे मला नंतर कळलं. (फुलं फ्रिजमध्ये ठेवायचीच असतील तर आधी फळं बाहेर काढा. पण घरगुती फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांच्या वर आशा ठेवू नका.) काका काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी भाग घेतला नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते मुलाकडे राहायला गेले. मला ती पोच घेतली नाही याचं वाईट वाटतं ते त्या कळीसाठी.

म्हणून कळकळीने सांगते, आणि हे माझं मत आहे, तुमच्याकडचं ऑफिस कदाचित फार चांगलं असेल, तरीसुद्धा: उद्याच्या उद्या जाऊन अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. पहिला अर्ज सापडला नाही तर तिथेच बसून दुसरा लिहून द्या. मांडव, लाउडस्पीकर, पाणी, वीज यांतल्या कशाला कुठली वेगळी परवानगी लागते ते लेखी विचारा. आणि एक पर्यायी जागा आजच धरून ठेवा, कॉलनीचा हॉल, शाळेचा व्हरांडा, पार्किंग, काहीही. आम्ही तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो, गाड्या दोन दिवस बाहेर लावतो. सावली असते, फुलं जास्त टिकतात, आणि कोणाच्या सहीची वाट बघायला लागत नाही.

दुसरं म्हणजे येत्या रविवारी सगळी छाटणी करू नका! तुम्ही तिसरा आठवडा म्हणताय, त्याच्या ५० दिवस आधी म्हणजे ऑक्टोबरचे शेवटचे दिवस येतात, आत्ता छाटलेत तर बहर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात येऊन बसेल. शिवाय नाशिकची थंडी पुण्यापेक्षा जरा कडक, निफाडचे आकडे तर आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतोच, थंडी वाढली की कळी उमलायला चार-सहा दिवस जास्त घेते. जातीजातीतही आठवड्याचा फरक पडतो. त्यामुळे कुंड्यांचे तीन गट करा, आठ-आठ दिवसांच्या अंतराने छाटा, मधला गट तारखेला धरून. तारीख थोडी हलली तरी एक गट हातात राहतो. तिरका काप, तोही बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्याच्या) वर, आणि कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पेस्ट, हे तुमच्या लोकांना माहीत असेलच. मटाराएवढी कळी दिसली की तिथून साधारण १८-२० दिवस मोजायचे, आमचा हा अंदाज फारसा चुकत नाही. मी काही शेतकी पदवीधर नाही, हे सगळं कुंड्यांतलं शहाणपण आहे, जमिनीतल्या गुलाबाचा जाणकार वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

आता तुमचे उपक्रम. एकच एक मोठं प्रदर्शन ठेवून सगळी ताकद त्यात घालू नका असं माझं ठाम म्हणणं आहे. आमचं मंडळ त्या वर्षी मोडायला आलं होतं ते छोट्या कार्यक्रमांनी वाचलं.

दिवाळी झाली की बियांची अदलाबदल ठेवा. एक रविवार सकाळ, प्रत्येकाने घरची बी आणायची, कागदी पुडीवर नाव आणि कुठल्या महिन्यात धरली ते लिहायचं. गावठी पावटा, घेवडा, लाल माठ, झेंडू, गोकर्ण काहीही. पिटुनिया, डायांथस, फ्लॉक्स यांची रोपं ज्यांनी सप्टेंबरात टाकली नाहीत त्यांना वाटेल उशीर झाला, पण नर्सरीतून तयार रोपं आणली तर जानेवारीत फुलं मिळतात. पुण्याकडे सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या आसपास ओळीने नर्सऱ्या आहेत, आम्ही टेम्पो करून सगळ्यांची एकत्र आणतो, तुमच्याकडेही अशी सोय असणारच. ज्यांच्याकडे फक्त खिडकी आहे त्यांना मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर द्या. धणे नुसते टाकू नका, लाटण्याने हलके रगडून दोन फाका करून टाका.

५ डिसेंबर जागतिक मृदा दिन असतो. त्या दिवशी भाषण ठेवू नका, लोक कंटाळतात. वाळलेल्या पानांचं खत करायचं प्रात्यक्षिक ठेवा. हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळा लागेपर्यंत पानगळ चालू असते आणि लोक ती जाळतात, त्या धुराने सकाळी श्वास घेववत नाही. पुण्यात 'ब्राऊन लीफ' म्हणून उपक्रम चालतो, ज्याच्याकडे पानं जास्त आहेत तो ज्याला हवीत त्याला देतो. असं तुमच्या ४० घरांत सहज होईल. जाळीचा गोल, त्यात पानं दाबून भरायची, अधूनमधून ताकपाणी किंवा शेणपाणी, ओल टिकवायची, बास. आमच्याकडे सहा-सात महिन्यांत काळं भुसभुशीत खत मिळतं.

संक्रांत तर सोडूच नका. भोगीच्या भाजीला जे लागतं ते सगळं हिवाळी बागेतलं, पावटा, गाजर, वांगं, सोलाणे, घेवडा. आम्ही आदल्या दिवशी सगळ्यांच्या कुंड्यांतलं मूठ-मूठ गोळा करतो आणि एकीच्या घरी मोठ्या पातेल्यात तीळ लावून भाजी, बाजरीच्या भाकरी. कोणाचं एकच गाजर असतं, तेही आणतात. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा तुळशीचं किंवा पानओव्याचं रोप द्या, पानओव्याची फांदी नोव्हेंबरात खोचली तर जानेवारीपर्यंत देण्याजोगी होते. या कार्यक्रमाने आमच्याकडे जेवढे नवीन सभासद आले तेवढे प्रदर्शनाने आले नाहीत.

सहलीचं म्हणाल तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, २६ जानेवारीच्या आसपास, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तिथे या. ज्या संस्थेचं ते आहे ती १८३० सालची आहे, आणि कुंड्या, पुष्परचना, बोन्साय, मुलांच्या चित्रकला स्पर्धा हे सगळं एका ठिकाणी कसं बसवतात ते बघण्यासारखं आहे. नुसती फुलं बघू नका, टेबलांची उंची, नावांच्या चिठ्ठ्या, पाणी मारायची वेळ, गर्दी कुठून आत आणि कुठून बाहेर जाते ते वहीत लिहून घ्या. मुंबईकडे नातेवाईक असतील तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं प्रदर्शन साधारण त्याच सुमाराला असतं, तारखा दरवर्षी थोड्या हलतात, बघून जा. तळेगावच्या पॉलीहाऊसमधले गुलाब बघायचे असतील तर मात्र जानेवारीअखेर ते १४ फेब्रुवारी जाऊ नका, व्हॅलेंटाइनच्या ऑर्डरींमुळे त्यांना मान वर करायला वेळ नसतो. डिसेंबरात आधी विचारून जा.

आणखी एक, तुम्ही लिहिलंय की कॉलनीतल्या मोठ्या झाडांच्या फांद्याही "याच सीझनमध्ये उतरवून घेऊ". थांबा. शहरी भागात झाडांना १९७५ चा झाड संरक्षणाचा कायदा लागू आहे, मोठ्या फांद्या तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. तिथेही पोच.

औषधांबद्दल फार बोलत नाही कारण प्रत्येकाचं मत वेगळं असतं. थंडीत गुलाबावर भुरी (पानांवरची पांढरी, पुडीसारखी बुरशी) आणि शेवंतीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येणारच. संध्याकाळी पानं भिजवणं बंद करा, पाणी सकाळीच, आणि उन्हाळ्याच्या निम्मं. माव्यासाठी आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा, मग कडुनिंबाचं तेल ५ मिली एक लिटरला, साबणाच्या दोन थेंबांबरोबर, कडक ऊन नसताना. बाकी काही मारणार असाल तर डब्यावरचं लेबल वाचा, प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात काहीच मारू नका, लहान मुलं फुलांना हात लावतात.

आणि शेवंती. तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोत शेवंतीच्या १०-१२ कुंड्या गेटजवळच्या खांबाखाली ओळीने दिसतायत, पानं हिरवीगार, कळी एकही नाही, आणि तुम्ही विचारलंय खत कमी पडतंय का. खताचा काही संबंध नाही. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोख लागतो, खांबावरचा दिवा रात्रभर तिच्यावर असतो म्हणून तिला अजून मोठेच दिवस चालू आहेत असं वाटतंय. आमच्याकडेही जिन्याच्या दिव्याखालच्या चार कुंड्या जानेवारीपर्यंत नुसत्या पानांनी वाढत होत्या आणि त्याच लॉटच्या मागच्या अंगणातल्या डिसेंबरात पिवळ्या झाल्या होत्या. आज संध्याकाळीच उचलून इमारतीच्या मागे, दिवसा ऊन आणि रात्री पूर्ण अंधार असेल अशा जागी ठेवा. आठ-दहा आठवडे लागतात, म्हणजे तुमच्या तारखेला निदान कळ्यांना रंग तरी दिसेल. नायट्रोजनचं खत मात्र आता थांबवा. आवक नंबर मिळाला की इथे कळवा, मग छाटणीच्या तीन तारखा आपण नीट मोजून ठरवू.