दोन फोनवर एकच नोंद बदलली, सिंकनंतर एकाचं वजन गायब. काउचडीबीत असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: रावेर-सावदा भागातल्या केळी खरेदीसाठी तुम्ही पाउचडीबीवर (रेंज नसतानाही फोनमध्येच चालणारा डेटाबेस) अ‍ॅप केलंय, मागे सर्व्हरवर काउचडीबी डेटाबेस. बागेतला माणूस आणि काट्यावरचा मुनीम, दोघांनी रेंज नसताना एकाच गाडीची नोंद बदलली. सिंक झाल्यावर मुनिमाचं वजन दिसेना, एररही नाही.

भाऊ, वजन कुठं गेलेलं नाही. ४०९ची (कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर) एरर येते ती एकाच डेटाबेसमध्ये जुना रेव्ह (आवृत्तीची खूण: आधी आकडा, पुढे हॅश) देऊन लिहायला गेलात तर. सिंकमध्ये काउचडीबी दोन्ही आवृत्त्या गुपचूप ठेवून घेतो आणि एक पुढे करतो. कुठली? जिच्यावर जास्त वेळा फेरफार झालेत ती. समजा दोघांकडे नोंद ४ वर होती. बागेतल्याने सकाळी भाव टाकला, मग उचल टाकली. त्याची नोंद ६ वर गेली. मुनिमाने दुपारी नुसतं वजन टाकलं, त्याची ५ वर. जिंकली ६. दुपारचं सकाळच्यानंतरचं आहे, हे डेटाबेसच्या गावीही नाही. आकडे सारखे निघाले तर रेव्हमधला पुढचा हॅश (अक्षर-आकड्यांची लांब खूण) अक्षरक्रमाने बघतात, मोठा तो जिंकतो. निकाल सगळ्या मशीनवर एकच लागावा, एवढ्यासाठीच हा नियम. शेतकऱ्याचा हिशोब त्याला कळत नाही.

नोंद मागताना 'कॉन्फ्लिक्ट्स' ट्रू करा. हरलेल्या आवृत्त्यांचे रेव्ह मिळतील, एकेक रेव्ह देऊन ती आवृत्ती ओढून घ्या. वजन काट्यावरचं, उचल बागेतल्याची, असं जोडून ६ च्या रेव्हवर लिहा. नंतर ५ ची फांदी (हरलेली आवृत्ती) तिचा रेव्ह देऊन डिलीट करा. क्रम हाच ठेवा. आधी डिलीट केलं आणि मधेच लाइट गेली तर बसा बोंबलत. दोघांनी वजनच वेगवेगळं टाकलं असेल, तर कोडने ठरवू नये. दोन्ही आकडे मुनिमासमोर ठेवा. फोनच्या घड्याळावर तर मुळीच जाऊ नका, कुणाचं पाच मिनिटं पुढे असतं, कुणाचं मागे.

हे जोडकाम एकाच ठिकाणी, सर्व्हरवर चालवा. प्रत्येक फोन आपापल्या परीने जोडायला लागला की त्यातूनच नवे कॉन्फ्लिक्ट निघतात. आणि ४ नंबरची मूळ नोंद तुलनेला मिळेलच असं धरू नका. कॉम्पॅक्शनमध्ये (डेटाबेसच्या साफसफाईत) मधल्या आवृत्त्यांचा मजकूर उडतो, फांद्यांची टोकं तेवढी राहतात.

खरं तर मी असतो तर गाडीची एकच नोंद सगळ्यांना बदलूच दिली नसती. वजनाची चिठ्ठी वेगळं डॉक्युमेंट, उचल वेगळं, भाव वेगळा, प्रत्येकात गाडीचा नंबर. बेरीज व्ह्यूमधल्या (नोंदींवरून डेटाबेस बनवतो ती यादी) '_सम'ने काढायची. चूक झाली तर दुरुस्तीची नवी चिठ्ठी. आधीच्या नोंदींसाठी, कॉन्फ्लिक्ट असलेली डॉक्युमेंटं तेवढी दाखवणारा एक व्ह्यू आजच बनवा आणि पट्ट्या (शेतकऱ्यांचे हिशोब) करायच्या आधी तो रिकामा झालाय का बघा.