गोळीने ताप उतरला, आता कामावर जाऊ का?

प्रश्न: कालपासून अंग मोडून आलंय, घसा धरलाय. सकाळी ताप १०१ होता. पॅरासिटामॉल घेतल्यावर तासाभरात उतरला. आमची टीम चौघांची, मी नसले की माझं काम बाकीच्यांवर पडतं. शिवाय साहेबांना वाटेल, ही बहाणे करतेय. जाऊ की नको?

उत्तर: आज जाऊ नका. तुमचा ताप गेलेला नाही, गोळीने दबलाय. तिचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो, म्हणजे दुपारी ऐन कामात पुन्हा कणकण सुरू होईल. ताप दबला तरी संसर्ग दबत नाही. फ्लू असेल तर पहिले तीन-चार दिवस तो सगळ्यात जास्त पसरतो. सहकाऱ्यांची काळजी आहे ना, मग त्यांना आज तुमच्या कामापेक्षा तुमच्या खोकल्याचा त्रास जास्त होईल.

ताप नेहमी गोळी घेण्याआधी मोजा. थर्मामीटर तोंडात ठेवणार असाल, तर गरम काही प्यायल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर आकडा चुकतो. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर घरीच राहा. परत जायचं ते गोळीशिवाय सलग २४ तास ताप आला नाही, आणि बाकीचा त्रासही कमी होत असेल, तेव्हाच. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या वेळेपासून ४८ तास थांबा. स्वयंपाकाचं किंवा रुग्णांच्या देखभालीचं काम असेल तर यात अजिबात सूट घेऊ नका.

नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, अंगात ताकद आहे, तर मास्क लावून जाता येतं. मात्र सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तेव्हा गाडी किंवा यंत्र चालवू नका. अशा गोळ्यांतही अनेकदा पॅरासिटामॉल असतं. वर तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते आणि यकृताला धोका पोचतो. पाकीट वाचूनच घ्या.

आता साहेबांचं. कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवा, आणि थोडक्यात: "मला ताप आहे, आज येऊ शकत नाही. आजचं तातडीचं काम अमुक आहे, फाइल तमुक ठिकाणी आहे. उद्याचं संध्याकाळी सातपर्यंत कळवते." बस. लक्षणांची यादी आणि चारदा माफी यांनीच खरं आजारपण बहाण्यासारखं वाटू लागतं. "फोनवर आहेच मी" असंही लिहू नका, कारण मग दिवसभर पडूनही विश्रांती होत नाही. सर्टिफिकेट कितव्या दिवसापासून लागतं ते आजच विचारून ठेवा, नंतर धावपळ नको.

धाप लागली, छातीत दुखलं, मान आखडली किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला, तर रजेचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तसं काही नसेल तर पाणी पीत राहा, झोप काढा, आणि संध्याकाळी साहेबांना उद्याचं कळवण्याआधी पुन्हा ताप मोजा.