तैवानमध्ये डोंगर चढायला सरकारी परवाना का लागतो?

कारण राजकीय आहे, आणि ते जुनं आहे. 1949 ते 1987 तैवानमध्ये लष्करी कायदा होता. उंच डोंगराळ भाग म्हणजे सुरक्षेचा प्रश्न, म्हणून तिथे जायचं तर पोलिसांची परवानगी. कायदा गेला, परवान्याची सवय राहिली. ऑक्टोबर 2019 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान सू त्सेंग-चांग यांनी डोंगर लोकांसाठी खुले करायचं धोरण जाहीर केलं आणि कागदपत्रं बरीच सुटसुटीत झाली, संपली मात्र नाहीत.

सर्वोच्च शिखर युशान (3952 मीटर, फुजीपेक्षा उंच) घ्या. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना हवा, पोलिसांचाही हवा. वाटेत मुक्कामाची जागा म्हणजे पाययुन लॉज, तिथल्या खाटा मोजक्या, त्यासाठी सोडत निघते. खरी अडचण तिथेच. परदेशी लोकांना आधी अर्ज करायची वेगळी सोय आहे, ती जरूर वापरा. वाट तशी सोपी: लॉजपर्यंत साडेआठ किलोमीटर, तिथे मुक्काम, मग पहाटे अंधारात उरलेले अडीचेक किलोमीटर. शेवटी साखळ्या धरून चढावं लागतं. हरिश्चंद्रगड केलेल्याला जड जाऊ नये, फक्त विरळ हवेचा विचार करा.

राजकारण तर थेट माथ्यावरही पोचलं होतं. लष्करी कायद्याच्या काळात सत्तेत असलेल्या क्वोमिंतांग पक्षाच्या राजवटीत तिथे यू यूरेन या ज्येष्ठ नेत्याचा अर्धपुतळा बसवला होता. नव्वदच्या दशकात तो तोडून दरीत ढकलला गेला. आता तिथे फक्त शिखराचं नाव कोरलेला दगड आहे, आणि फोटोसाठी रांग.